कणसं कुणी मोडली? : सहलीच्या मराठीविषयी

पौष लागला की माझ्याकडे दोन गोष्टी येतात. गावाकडून ज्वारीची कणसं, आणि महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी हुरड्यावरचे लेख. कणसं आता दर वर्षी येतातच असं नाही. लेख मात्र न चुकता येतात. मी हिंगोलीत मराठी शिकवतो, आणि वार्षिकांकाचं काम कुणी घेत नाही म्हणून ते बरीच वर्षं माझ्याच गळ्यात आहे. त्यामुळे हुरडा, रानातली सहल, शेकोटी, कोकणातला समुद्रकिनारा या विषयांवरचे जितके लेख मी वाचले असतील, तितके फार थोड्या लोकांनी वाचले असतील. ही फुशारकी नाही, तक्रार आहे.

या लेखांची सुरुवात ठरलेली असते. 'शहराच्या धकाधकीपासून दूर' कुठेतरी जायचं असतं. लिहिणारा मुलगा सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या गावातून रोज एसटीनं येणारा असतो. त्याला कुठली धकाधकी? आमच्या हिंगोलीची धकाधकी म्हणजे बाजाराच्या दिवशी चौकात समोरासमोर अडकलेली दोन ट्रॅक्टरं. तरीही धकाधकी येते, मग 'निसर्गाची कुस' येते, मग खमंग वास दरवळतो, 'अस्सल गावरान चव' जिभेवर रेंगाळते आणि शेवटी सगळे 'आस्वाद' घेऊन परततात. हे वाक्य त्या मुलाचं नसतं. त्यानं ते पुरवणीत वाचलेलं असतं, जाहिरातीत ऐकलेलं असतं. पुरवणीवाल्यानं ते आणखी कुठून घेतलेलं असतं. स्वतःच्याच शेताबद्दल लिहिताना तो परक्याच्या तोंडानं बोलतो, आणि त्याला ते साहित्य वाटतं.

हसण्याआधी माझंही सांगायला हवं. मी स्वतः असा एक लेख लिहिला होता, वीसेक वर्षांपूर्वी. नोकरी नवी होती. पुण्याचे दोन मित्र आले होते, त्यांना गावी नेलं, आगटी पेटवली, आणि परतल्यावर त्यावर लेख लिहून एका पुरवणीला पाठवला. छापून आला. मी तो कौतुकानं वडिलांना वाचून दाखवला. दादांनी शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाले, "ब्येस लिव्हलास. पर कणसं कुणी मोडून आणली ते नाही लिव्हलं." मी म्हणालो, त्यानं काय फरक पडतो? ते म्हणाले, "काही नाही. वाचताना वाटलं, ते आपलेआप आले व्हते का काय."

बास, इतकंच बोलणं झालं. पण मी नंतर तो लेख पुन्हा काढून वाचला, आणि खरोखरच त्यात कणसं आपलीआप आली होती. आगटी पेटत होती, कणसं भाजली जात होती, हुरडा पानावर येत होता. सगळी वाक्यं कर्त्याशिवायची. माणसं होती ती आम्ही तिघं, खाणारी. पहाटे दवात ज्वारीत शिरलेले दादा नव्हते. चुलतभाऊ नव्हता. पाट्यावर तिळाची चटणी वाटणारी माय नव्हती. चटणी होती, मात्र 'झणझणीत' होती.

त्या दिवसापासून मी सहलीचं मराठी गद्य एका खोडीनं वाचतो. क्रियापदं मोजतो. आणि माझं म्हणणं असं झालं आहे की या गद्याचा खरा दोष भावुकपणा नाही, खोटेपणाही नाही. त्याच्याकडे क्रियापदं नाहीत, हा त्याचा दोष आहे. खाणाऱ्याच्या भाषेत एकच क्रियापद असतं, आस्वाद घेणं. बाकीची सगळी क्रियापदं खाऊ घालणाऱ्याकडे असतात.

हुरड्यातलीच बघा. आधी कणीस हेरायला लागतं. दाणा दुधातून पुढे गेलेला हवा पण टणक झालेला नको. नखानं दाबून पाहायचं. दोन-चार दिवसांचा खेळ असतो, चुकला की गेला. वाणही सगळे चालत नाहीत. सुरती, गुळभेंडी, कुची कुची असे हुरड्याचे म्हणून वेगळे वाण जुने शेतकरी बांधाकडच्या चार तासांत राखून पेरत. भाकरीची मालदांडी वेगळी. मग कणसं मोडायची. ज्वारीची कूस अंगावर पडते आणि मानेला दिवसभर खाज सुटते. ज्याच्या मानेला खाज सुटली नाही त्यानं कणसं मोडलेली नाहीत, एवढं खुशाल धरून चालावं. जमिनीत खड्डा करून आगटी घालायची, गोवऱ्यांचा जाळ खाली बसू द्यायचा, कारण हुरडा जाळावर भाजत नाहीत, आरावर भाजतात. कणसं निखाऱ्यात खोचायची, फिरवायची, करपायच्या आत ओढायची. आणि मग खरं काम. गरम कणीस तळव्यावर घेऊन चोळायचं, फुंकर मारून फोलपट उडवायचं, दाणा गरम आहे तोवर समोरच्याच्या हातावर ठेवायचा. गार झालेला हुरडा चिवट लागतो. म्हणून चोळणारा कधी बसून खात नाही. त्याचे तळवे काळे होतात, कातडी हुळहुळते, डोळ्यांत धूर जातो. पंगत उठली की तो उरलेलं खातो, गार.

हेरणं, मोडणं, खोचणं, फिरवणं, चोळणं, फुंकणं, पाखडणं. भाषेची ही केवढी दौलत! हरभऱ्याचा असला की त्याला हुळा म्हणायचं, गव्हाच्या असल्या की ओंब्या म्हणायचं, इतकी बारकाई आपल्या बोलीत आहे. ती सगळी टाकून लेखक 'खमंग' हे विशेषण उचलतो. बहुतेक सहल-लेखनात विशेषणांची गर्दी दिसते, ती ही उरलेली रिकामी जागा भरायला आलेली असते, असं मला वाटतं.

आता मराठीत निसर्गावर चांगलं लिहिणारे नाहीत असं कोण म्हणेल? उलट आपल्याकडे ती परंपरा भक्कम आहे. पण गंमत अशी की त्यातले मोठे लेखक सहलीला गेलेलेच नाहीत.

दुर्गा भागवत घ्या. 'ऋतुचक्र' १९५६ सालचं. चैत्रापासून बारा महिन्यांचे बारा लेख. आजही हे पुस्तक 'निसर्गप्रेमा'च्या खात्यात टाकून मोकळे होतात, आणि पुरवण्यांतल्या हुरडा-लेखांचे आजोळ तेच असावं असं मानतात. मला तसं वाटत नाही. दुर्गाबाई मध्य प्रदेशातल्या आदिवासी भागात संशोधनासाठी हिंडत असताना विषारी सुरण खाण्यात आला आणि त्या काही वर्षं आजारी पडल्या. रानातलं साधं खाणं म्हणजे काय, हे इतक्या महागात शिकलेला दुसरा मराठी लेखक मला आठवत नाही. ज्या बाईनं रानाच्या हातचं असं खाल्लं, तिच्या निसर्गलेखनात 'रानमेवा' असला लाडिक शब्द कसा येईल? 'ऋतुचक्र'मध्ये निसर्ग माणसाचं मन रमवायला बसलेला नाही. झाडं आपापली कामं करत असतात, पालवणं, झडणं, फुलणं, सुकणं, बाई बघतात. क्रियापदं झाडांना दिलेली आहेत. याच दुर्गाबाईंनी पुढे 'खमंग' नावाचं पाककृतींचं पुस्तक लिहिलं. म्हणजे हे विशेषण त्यांनाही वर्ज्य नव्हतं! पण पाककृती हा तर क्रियापदांचाच प्रकार. चिरा, वाटा, परता, झाका. तिथे त्या विशेषणाला खाली आधार आहे.

व्यंकटेश माडगूळकरांचं उदाहरण जास्त नेमकं आहे, कारण त्यांच्याकडे पाहुणा आहे. 'बनगरवाडी' (१९५५) मधला मास्तर धनगरांच्या वाडीवर बाहेरून आलेला पोरसवदा माणूस. त्याला माळ दिसतो, मेंढरं दिसतात, पहाट दिसते. एखाद्याला त्यावर सुंदर सहल-लेख लिहिता आला असता. माडगूळकर त्या मास्तराला कामाला लावतात. शाळा भरवणं, अर्ज लिहिणं, तालीम बांधायला माणसं जमवणं. त्याचं पाहुणेपण एकेका कामानं झिजत जातं, आणि शेवटी दुष्काळात वाडी उठते तेव्हा ते उठणं त्यालाही लागतं. तो नुसता बघायला आला असता तर त्या शेवटाला 'उदास सौंदर्य' आलं असतं. कादंबरीत ते येत नाही. माडगूळकर पुढे नागझिऱ्याच्या जंगलात मुक्कामाला गेले ते सुद्धा बघण्याचं काम करायला. 'नागझिरा' वाचताना जाणवतं की बघणं हेही कष्टाचं काम असू शकतं. ताटकळणं, थांबणं, टिपणं, चुकणं.

आणि मारुती चितमपल्ली. गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये ते गेले, तेव्हा सगळ्यांनी त्यांना अरण्यऋषी म्हणून निरोप दिला. ऋषी म्हटलं की तपोवन आलं, शांतता आली. माणूस मात्र वनखात्याचा नोकर होता. तीनेक तपं त्यानं ती नोकरी केली. जंगल ही त्यांची ड्यूटी होती, विसावा नव्हता. आणि त्या नोकरीत भेटलेल्या माणसांना त्यांनी लेखनातून वगळलं नाही. नवेगावबांधचे माधवराव पाटील असोत की वाटेत भेटलेले आदिवासी जाणकार, कुणाकडून काय शिकलो याची नोंद ते ठेवतात. दादांच्या भाषेत सांगायचं तर कणसं कुणी मोडली ते सांगतात. त्यांच्या गद्यावर माझे आक्षेप आहेत. ते ऐकीव आणि पाहिलेलं यांची सरमिसळ करतात, एकच गोष्ट दोन पुस्तकांत येते, गूढाकडे त्यांचा ओढा आहे आणि कधी कधी तो वाजवीपेक्षा जास्त आहे. पण काकागार, सारंगागार यांसारखे शब्द त्यांनी मराठीला दिले, कोश केले. कावळ्यांच्या वसाहतीला नाव असावं असं ज्याला वाटतं, तो माणूस जंगलाकडे 'कुस' म्हणून बघत नाही. कुशीला कसलं आलंय नाव?

इथे कुणी म्हणेल, मग आनंद घ्यायचाच नाही का? माणसानं थकूनभागून दोन दिवस रानात जाऊ नये? जावं की. मला कष्टाचं साहित्य थोर आणि सुखाचं साहित्य हलकं असं म्हणायचंच नाही. ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कविता' (१९६७) हे आनंदाचंच पुस्तक आहे. इतका उघड, अंगभर आनंद मराठी कवितेत त्याआधी फारसा नव्हता. पण पळसखेड्याच्या त्या कवीच्या तळहाताला माती आहे. त्याचं रान आणि त्याची पेरणी वेगळी काढता येत नाही. आमच्या जवळचं म्हणाल तर इंद्रजित भालेराव. वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्याचे, म्हणजे आमच्या जिल्ह्याचेच. 'पीकपाणी' १९८९ चं. मित्राला गावाकडं बोलावणारी त्यांची कविता शाळाशाळांतून म्हटली जाते, आणि गंमत म्हणजे आता ती हुरडा पार्टीच्या मांडवातही भोंग्यावर वाजलेली मी ऐकली आहे. ती आमंत्रणाचीच कविता आहे, हे खरं. पण यजमानाचं आमंत्रण कसं असतं ते तिथे बघावं. रस्ता काट्याकुट्यांचा आहे हे तो आधीच सांगतो. राबणारा बाप कसा जगतो ते बघायला ये, म्हणतो. जाहिरातवाला उलट सांगतो, की गाडी थेट शेतापर्यंत येते, आणि पार्किंगची सोय आहे.

इथवर मी हे सगळं फार आत्मविश्वासानं म्हणत आलो आहे. यजमानाच्या बाजूनं बोलणं सोपं असतं, कारण मराठवाड्यातल्या माणसाला आपण कायमचे यजमान आहोत असंच वाटतं. या समजाला तडा गेला तो अलिबागेकडे.

तिकडचा एक मित्र, प्राध्यापकच, शिबिरात ओळख झालेला. चार-पाच वर्षांपूर्वी त्यानं थंडीत पोपटीला बोलावलं. आमच्याकडे आगटी तशी तिकडे पोपटी. महिनेही तेच. आम्ही इकडून तिघं सहकारी निघालो. रात्रभर प्रवास, सकाळी खाडी. आयुष्यात समुद्र मी मोजून चार वेळा पाहिलेला. खाडीच्या कडेनं कांदळवन उभं, मुळं चिखलातून वर आलेली. भरती उतरत होती, झाडं पायांवर उभी राहिल्यासारखी दिसत होती. मला खरंच काही सुचेना. मित्र नावं सांगत होता. ही चिप्पी, ही तिवर. पांढऱ्या चिप्पीला २०२० मध्ये महाराष्ट्रानं राज्याचं कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलंय, ही बातमी मी वाचली होती, पण झाड पहिल्यांदाच बघत होतो. पलीकडे सुरूचं बन, त्याचा तो सू सू आवाज. आमच्या कयाधूच्या काठी बाभळीला असा आवाज येत नाही.

संध्याकाळी भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात पोपटी लावली. भाताच्या ओलीवर तिथे वाल घेतात. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मग बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, ओवा आणि जाडं मीठ. पाण्याचा थेंब नाही. वरून तोंडात पाला गच्च कोंबायचा आणि मडकं जमिनीवर उपडं. सभोवती पेंढा, गोवऱ्या, पातेरा, आणि जाळ. भांबुर्डी हे बांधावरचं तण. आमच्याकडे कुणी त्याला विचारणार नाही, तिथे त्याच्यावाचून पोपटी होत नाही. शिजलं की नाही ते बघायला मडक्यावर पाण्याचा शिपका मारतात; चर्र होऊन क्षणात वाळलं तर झालं.

आम्ही खाल्लं. बोटं भाजली, ओव्याचा वास हाताला राहिला. आणि परतीच्या गाडीत मी डोक्यात लेख लिहायला लागलो. पहिलंच वाक्य काय आलं असेल? खाडीवरून येणारा गार वारा. दुसरं? शेंगांचा दरवळणारा वास. तेव्हा दादांचा प्रश्न आठवला आणि मी मनातल्या मनात मोजायला लागलो. मडकं कुणी भरलं? मित्राची वहिनी होती, बहुधा. दुपारभर शेंगा निवडत अंगणात बसलेली बाई तीच होती का? जाळाजवळ उकिडवा बसून काठीनं निखारे सारणारा म्हातारा कोण होता? मी त्याच्याशी बोललो होतो की नाही, हेही मला आठवेना. नाव तर विचारलंच नव्हतं. कांदळवनातल्या झाडांची नावं मात्र वहीत उतरवून घेतली होती, तीन.

म्हणजे यजमानाची नजर ही जन्मानं मिळत नाही. मी माझ्या शेतात यजमान असेन, तिथे पाहुणाच होतो, आणि पाहुण्याला जे दिसत नाही ते मलाही दिसलं नाही. त्याहून बोचणारी गोष्ट पुढची आहे. ज्या लेखावर दादा बोलले तो लेख तर मी माझ्याच शेतावर लिहिला होता. तिथेही मी पाहुणाच झालो होतो. पुण्याचे मित्र दोन दिवसांसाठी झाले, मी नोकरी लागल्यापासून.

कोकणच्या साहित्याला ही गोष्ट आमच्या कितीतरी आधी कळलेली आहे. तिथला पाहुणा म्हणजे परका माणूस नव्हे, घरचाच चाकरमानी. मुंबईहून मे महिन्यात येणारा. त्याला आंबे हवेत, फणस हवेत, समुद्र हवा, आणि घराची कौलं कुणी परतली ते माहीत नसतं. श्री. ना. पेंडशांचा 'गारंबीचा बापू' (१९५२) घ्या. पेंडसे मुंबईत राहिले आणि आयुष्यभर दापोलीकडच्या मुलखावर लिहीत राहिले, म्हणजे तेही एका अर्थी चाकरमानीच. तरी त्यांच्या पुस्तकातली गारंबी ही सुट्टी घालवायची जागा होत नाही. तिथे सुपारीची बाग म्हणजे मालकी, भांडण, अब्रू. गो. नी. दांडेकर तर जन्मानं वऱ्हाडातले, परतवाड्याचे. त्यांनी 'पडघवली' (१९५५) लिहिली ती एका बाईच्या तोंडून, घर राखणाऱ्या बाईच्या. मला ही निवड फार शहाणपणाची वाटते. बाहेरच्या माणसाला आतली गोष्ट सांगायची असेल तर त्यानं आधी निवेदकाची खुर्ची सोडावी, आणि जी व्यक्ती जेवण वाढते तिला ती द्यावी. 'पडघवली'त कढ जास्त निघतात, गेलेल्या काळाबद्दलचा हळवेपणा मला मधेमधे जड होतो, पण सडा कुणी घातला हे त्या पुस्तकात कळतं.

आपल्याकडे मात्र हे सगळं आता धंद्याच्या भाषेत गेलं आहे. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, आणि ते यावं हे योग्यच होतं. ज्या शेतात सोयाबीन धड पैसे देत नाही तिथे पाहुण्यांनी दिले तर कुणाचं काय बिघडलं? वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बाया स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. तिथे वल्हं कुणाच्या हातात आहे ते पाहुण्याला दिसतं तरी. माझी तक्रार पर्यटनाशी नाही. त्याच्या मराठीशी आहे. धंदा करणाऱ्याला 'अस्सल गावरान' म्हणावंच लागतं. लेखकानं का म्हणावं?

शिवाय ते अस्सल उरलंय कुठे, हाही प्रश्नच. आमच्या जिल्ह्यात खरिपाला सोयाबीन, आणि पाण्याखाली हळद. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हाला अभिमानही आहे. पण ज्वारी आक्रसत गेली. ज्वारीला मजूर मिळत नाही, पाखरं राखायला पोरगं मिळत नाही, बाजारात भाव मिळत नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा आमच्याकडे ज्वारीवर भाषणं बरीच झाली. पेरा त्या मानानं झाला नाही. दादा गेल्यावर आमच्या शेतातही बांधाकडची ती चार तासं बंद झाली. मागच्या दोन थंड्या मी हुरडा विकत आणला, प्लास्टिकच्या पिशवीतला, दाणे काढून तयार. तव्यावर गरम केला. पुरवणीतल्या लेखांत जी कणसं आपलीआप येतात ती अशी येतात, पिशवीतून. त्या लेखांवर मी अन्याय केला असं तेव्हा क्षणभर वाटलं. ते खोटं लिहीत नव्हते. भविष्य सांगत होते.

खाली लातूर-धाराशिवकडे अजून येळवस जोरात होते. मार्गशीर्ष अमावस्येला सगळं गाव शेतात जातं, शहरात चिटपाखरू राहत नाही. आंबील, भज्जी, उंडे. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. निसर्गात जाऊन जेवणं हेच, पण तिथे ज्याचं शेत त्याचा सण असतो, आणि पाहुणा आयता शिरलेला असतो. त्यावर लिहिलेल्या पोरांच्या लेखांत मला क्रियापदं सापडतात. कोप कुणी घातली, आंबील कुणी घुसळली, सगळं असतं. सण असला की कामं वाटलेली असतात, म्हणून असेल. पार्टीला कामं नसतात, कामगार असतात.

या वर्षीच्या वार्षिकांकासाठी एकूण सहा हुरडा-लेख आले. पाच नेहमीचे. सहावा बी. ए. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचा, वहीची दीड पानं, पेननं. तिची आई थंडीच्या दिवसांत रोजानं हुरडा चोळायला जाते. शनिवार-रविवारी गाड्या जास्त येतात म्हणून ही पण जाते. लेखात आगटी नाही, चव नाही, निसर्ग नाही. तळवे आहेत. दुपारपर्यंत तळवे कसे होतात, मग कणीस पोत्याच्या तुकड्यात धरून कसं चोळायचं, पोत्यानं चोळलेलं पाहुण्यांना आवडत नाही म्हणून मालक कसा बघत असतो, आणि संध्याकाळी घरी भाकरी थापताना आई एका हातानं कशी थापते. एके ठिकाणी एक पाहुणीबाई हौसेनं कणीस चोळायला बसते, तिला चटका बसतो, सगळे हसतात, आई पण हसते, आणि मग तिचा फोटो काढतात. फोटोत आईचे फक्त हात आले आहेत, असं तिनं लिहिलं आहे. पुढे काही म्हटलेलं नाही.

मी तो दोनदा वाचला. ऱ्हस्व-दीर्घ सोडले तर हात लावावा असं त्यात काही नव्हतं. फक्त शेवटी एक परिच्छेद जोडलेला होता. धकाधकीच्या जीवनात असे क्षण मन ताजंतवानं करतात, निसर्गाच्या कुशीत मिळणाऱ्या या अस्सल मेव्याचा प्रत्येकानं एकदा तरी आस्वाद घ्यावा.

मी तिला बोलावलं, आणि म्हणालो, हा शेवटचा परिच्छेद काढू या, त्याची गरज नाही. ती वही बघत उभी राहिली. मग म्हणाली, "सर, ते काढलं तर मग तो लेख वाटत नाही. नुसतं आमच्या घरचं वाटतं."

अंक छापायला अजून पंधरा दिवस आहेत. वही माझ्याकडेच आहे.